एकाच पोत्यातली फक्की

मी सोळा वर्षं नेमकं काय काम केलं, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. कोणी विचारलं की त्या सांगायच्या, "ती माळावर जाते." पुढचा प्रश्न यायचाच, "माळावर जाऊन काय करते?" त्यावर म्हणायच्या, "कोणाला काही करू देत नाही." इतकी नेमकी व्याख्या माझ्या नेमणूकपत्रातसुद्धा नव्हती.

श्रीगोंदा तालुक्यात वडजाईचा माळ म्हणून एक मोठा माळ आहे. जमीन वनखात्याची. बाहेरच्या माणसाला तिथं काहीच दिसत नाही. दगड, मुरूम, हिवाळ्यात पिवळं गवत आणि उन्हाळ्यात तेही नाही. पण खोकड, लांडगा, काळवीट, चंडोल आणि जमिनीवरच अंडी घालणारे कितीतरी पक्षी, यांना दाट झाडी नको असते. त्यांना उघडा माळ आणि त्यावरचं गवत लागतं. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे एक वाक्य लोकांच्या गळी उतरवण्यात माझी अर्धी नोकरी गेली, आणि ते उतरलं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

झाडं लावायला येणारी मंडळी हा माझा खास शत्रुपक्ष. एकदा कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला दोन जीपगाड्या भरून माणसं आली. फलक, हार, रोपं, फोटोवाला, सगळा सरंजाम. मी म्हटलं, इथं झाडं लावायची नाहीत, गवत मरतं. त्यातले एक गृहस्थ हात जोडून म्हणाले, "ताई, झाडाला नाही म्हणणारी पर्यावरणवाली बाई मी पहिल्यांदाच बघतोय." माझ्याशी वाद घालता घालताच त्यांनी सहा गुलमोहर लावले. गुलमोहर आठवडाभरात वाळले. फलक अजून आहे.

तर माझी नोकरी. माळ राखण्याचा एक संयुक्त कार्यक्रम होता. जमीन खात्याची, अभ्यास विद्यापीठाचा आणि मधली धावपळ आमच्या छोट्याशा संस्थेची, म्हणजे माझी. पद 'समन्वयक'. समन्वयक म्हणजे दोन्हीकडच्या फोनवर "हो सर" म्हणणारी आणि दोन्हीकडून "तुम्ही कळवलं नाही" हे ऐकणारी बाई. खात्याचं वर्ष मार्चला संपतं, म्हणून फेब्रुवारीत त्यांच्या अंगात येतं. विद्यापीठाचं वर्ष परीक्षा, सुट्ट्या आणि प्रवेश यांतच संपतं. गवताचं वर्ष पावसाबरोबर सुरू होऊन दिवाळीनंतर बी गळालं की संपतं. मेंढीला वर्ष नसतं, तिला रोज सकाळी भूक लागते. या सगळ्यांची एकत्र बैठक घ्यायची आणि इतिवृत्त लिहायचं, हे माझं काम.

याशिवाय एक नोंदवही होती. दर आठवड्याला माळाला फेरी मारायची आणि रकाने भरायचे. वणवा, वृक्षतोड, शिकार, अतिक्रमण, चराई. काही घडलं नसेल तर 'निरंक' लिहायचं. आमच्या भागाचे वनपाल म्हस्के भाऊसाहेब मला पहिल्याच महिन्यात म्हणाले होते, "ताई, वरती निरंक आवडतं. दुसरं काही लिहिलं की उत्तर द्यावं लागतं." मी नवी होते, ताठ होते. एकदा कुंभारवाड्यातलं एक गाढव माळावर चरताना दिसलं, तर मी चराईच्या रकान्यात 'गाढव, एक' असं लिहिलं. त्या गाढवावर तीन महिने पत्रव्यवहार चालला. गाढव कोणाचं, कुठून आलं, कोणत्या दिशेनं गेलं, पुनरावृत्ती टाळण्यासाठी काय उपाय योजले. म्हस्के भाऊसाहेब पुढं कित्येक वर्षं मला भेटले की आधी गाढवाची खुशाली विचारायचे. तरी मी खोटं निरंक कधी लिहिलं नाही. याचा मला गर्व होता, हे इथं आधीच सांगून ठेवते.

आता मुख्य गोष्ट. खात्याच्या आराखड्यात वडजाईच्या माळावर चर खोदून झाडं लावायची असं ठरलेलं होतं. चर म्हणजे उतारावर आडवे खणलेले लांब नाले, पाणी अडवण्यासाठी. विद्यापीठाचे भागवत सर, गवतावर आयुष्य काढलेला माणूस, त्यांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, माळाचा पूर्वेकडचा भाग तीन वर्षं नुसता बंद ठेवा, चांगलं गवत आपोआप परत येईल. ते आकड्यांनी सिद्ध झालं तर चर नको, झाडं नको, आणि पुढं तोच भाग मेंढपाळांना पाळीपाळीनं चराईला देता येईल. खात्याच्या साहेबांनी मान्य केलं. अट एकच होती. तीन वर्षं त्या भागात एकही जनावर जाता कामा नये.

आणि हे सांगायला मेंढपाळांकडे जायचं कोणी? अर्थात मी.

बाकीच्यांना दुसरी रानं होती. अडचण होती सरूबाईची. तिचं घर माळाच्या अगदी पायथ्याला, पूर्वेच्या बाजूला. दाराची कडी काढली की मेंढरं माळावर. घरची थोडी कोरडवाहू जमीन, पण संसार चाळीसेक मेंढरांवर. ती पाथर्डीकडची. तिचं बालपण आईबापांच्या मागं ऊसतोडीला, दरवर्षी वेगळ्या फडात, वेगळ्या खोपीत गेलेलं. मला चहा देताना म्हणाली होती, "ताई, माजं लगीन ठरलं तवा मी येकच इचारलं. म्हनलं, घरी मेंढरं हायेत का? हायेत म्हनले. मंग म्हनलं करा. मेंढरं हायेत तवर हातात कोयता न्हाई."

मी तिला तीन वर्षं मागितली.

"तीन वर्सं?" ती म्हणाली. "आन मेंढरं कुटं न्यायाची?"

मी पाटाच्या कडेचं गवत आणि पिकं निघालेली रानं सुचवली. दोन कोस जायचं, दोन कोस यायचं. तिनं दाराबाहेरच्या मेंढरांकडं एकदा पाहिलं. मग म्हणाली, "खात्याचं कुनी आलं आसतं तर न्हाई म्हनले आसते. तुमी म्हनताय म्हनून. पन मंग माळ परत द्याचा बरं का."

"देणार," मी म्हटलं. खात्याची जमीन, विद्यापीठाचा अभ्यास आणि शब्द दिला मी. कोणत्या अधिकारात, ते मला आजही सांगता येणार नाही.

तिनं तीन वर्षं पाळली. नुसती पाळली नाही, राखण केली. दुसऱ्याचं वासरू शिरलं तर काठी घेऊन धावायची. माझ्या नोंदवहीत चराईच्या रकान्यात सलग खरंखुरं निरंक होतं आणि त्यातलं निम्मं तरी सरूबाईचं होतं. भागवत सरांचे विद्यार्थी येऊन चौकोन आखायचे आणि गुडघ्यावर बसून गवताची एकेक काडी मोजायचे. बोचऱ्या कुसळीच्या जागी मऊ मारवेल गवत दिसू लागलं, कुठं कुठं शेडा डोकावला. शेडा म्हणजे मेंढरांचं पक्वान्न. सर मला फोनवर गवताची नावं अशी सांगायचे, जशी एखादी आजी परदेशातून आलेल्या नातवंडांची सांगते.

शेवटची मोजणी तेवढी उरली होती. मे महिन्यात चौकोन पुन्हा आखायचे आणि पाऊस झाल्यावर मोजायचे. त्याच महिन्यात खात्याचं माळाच्या पश्चिम बाजूला चरांचं काम निघालं होतं. त्यावर कोणाचीच हरकत नव्हती. पश्चिमेला चर, पूर्वेला चौकोन, मध्ये टेकाड. बैठक झाली, इतिवृत्त झालं, सगळ्यांच्या सह्या झाल्या.

दोघांनाही रेषा आखायला फक्की हवी होती. फक्की म्हणजे कबड्डीच्या मैदानावर टाकतात ती पांढरी पूड. विद्यापीठाला एक पोतं विकत घ्यायचं तर तीन दरपत्रकं लागतात. खात्याच्या अंदाजपत्रकात चर होते, मजूर होते, जेसीबी होता, फक्की नव्हती. दोघांचेही फोन एकाच दिवशी आले. "ताई, फक्की तेवढी बघा." मी काष्टीच्या दुकानातून एक मोठं पोतं आणलं. अर्धं म्हस्क्यांच्या माणसाला दिलं, अर्धं विद्यार्थ्यांना. इतकं सुरळीत झालेलं ते त्या वर्षातलं पहिलंच काम होतं, आणि मी स्वतःवर खूश होते.

खात्याच्या भाषेत फक्कीची रेषा म्हणजे 'इथं खोदा'. विद्यापीठाच्या भाषेत फक्कीची रेषा म्हणजे 'इथं पाऊल टाकू नका'. हे दोन्ही अर्थ सबंध तालुक्यात फक्त एकाच माणसाला ठाऊक होते. त्याच माणसानं पोतं आणलं होतं.

जेसीबीवाल्यानं पश्चिमेचं काम दोन दिवसांत उरकलं. टेकाडावर चढून पाहिलं तर पलीकडं आणखी पांढऱ्या रेषा. इमानदार गडी. तो खाली उतरला आणि त्यानं एकही रेषा सोडली नाही. मी स्कूटी टेकाडाखाली टाकून धापा टाकत वर पोहोचले, तेव्हा शेवटचा चौकोन चालला होता. प्रत्येक चौकोनाभोवती किल्ल्याला असावा तसा खंदक, आणि निघालेला सगळा मुरूम व्यवस्थित आत, गवतावर. मी ओरडले तेव्हा त्यानं मशीन बंद केलं, खाली उतरला आणि मोठ्या नम्रपणे म्हणाला, "मॅडम, चौकोनी चर मी पयल्यांदाच मारले बगा. म्हनलं, नवी स्कीम आसंल. सरकारचं काय सांगावं!"

त्याच्यावर मला रागावता येईना. एवढं बिनचूक काम आमच्या कार्यक्रमात आजवर कोणी केलं नव्हतं.

चार दिवसांनी खात्याचे मोठे साहेब पाहणीला आले. भागवत सर त्या मुरमाच्या ढिगाशेजारी उकिडवे बसले होते आणि मातीतून गवताचं एक ठोंब काढून हातात धरून होते. म्हस्के भाऊसाहेब म्हणाले, "सर, रेषा होती म्हणून खोदलं." सर म्हणाले, "रेषा होती म्हणूनच खोदायचं नव्हतं." साहेबांनी विचारलं, "रेषा कोणी मारल्या?" म्हस्के म्हणाले, "विद्यापीठानं." साहेबांनी विचारलं, "आणि फक्की?" सगळे माझ्याकडे बघू लागले. इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'समन्वयाअभावी सदर प्रकार घडला.' इतिवृत्त मीच लिहिलं.

तीस रुपयांचा गेरू आणला असता तर हे काही झालं नसतं. चौकोनांना लाल, चरांना पांढरा. ही साधी गोष्ट मला सुचली नाही, आणि जेसीबीवाल्याचा, म्हस्क्यांचा, सरांचा, कोणाचाही आला नाही इतका राग मला स्वतःचा आला.

साहेब तसे भले होते. त्यांनी काम थांबवलं आणि म्हणाले, नवे चौकोन घ्या, आणखी दोन वर्षं देतो. सर लगेच तयार झाले. खातं तयार झालं. दोन वर्षं द्यायची होती सरूबाईनं, आणि ती तिथं नव्हती. पुन्हा मीच निघाले.

ती दारातच उभी होती. सगळं तिनं पाहिलेलं होतं. मी काही बोलायच्या आधी म्हणाली, "ताई, तीन वर्सं मी येक मेंढरू जाऊ दिलं न्हाई. आन तुमी मशीन घातली."

मी चूक कबूल केली. फक्कीची सगळी हकिगत सांगितली. तिनं ऐकून घेतली, आणि हसली नाही. एरवी ती लई हसरी बाई. मग मी दोन वर्षं मागितली.

"दोन म्हंजी दोनच?"

"दोनच."

"बरं," ती म्हणाली, आणि मेंढरांना पाणी दाखवायला गेली. तिनं भांडायला हवं होतं. भांडली असती तर मला इतकं जड गेलं नसतं.

पुढच्या मे महिन्यात मी शनिवारी काष्टीला गेले, खास गेरू आणायला. आता मी शहाणी झाले होते. गेरूची पिशवी घेऊन बाजारातून निघाले तर जनावरांच्या बाजूला सरूबाई दिसली. पुढ्यात दहा-बारा मेंढरं, एकमेकांत तोंडं खुपसून उभी.

"विकताय?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"न्हायतर काय करू? लांबचं चालून मेंढरं टिकत न्हाईत ताई. कोकरं वाटंतच बसत्यात. गेल्या साली निमी गेली, आवंदा आनखी गेली, ह्यी उरल्याली." जरा थांबून म्हणाली, "पोरगा आन सून दिवाळीनंतर टोळीत गेल्ती फॅक्टरीला. आवंदा बी जात्याल. मला न्हाई लागला कोयता. माज्या सुनंला लागला."

मी त्या वेळी काय करायला हवं होतं? 'चल, ती मेंढरं घे आणि आत्ता माळावर सोड, काय व्हायचं ते होऊ दे,' असं म्हणायला हवं होतं. गेरूची पिशवी हातात धरून मी म्हटलं, "एकच वर्ष राहिलंय सरूबाई." तिनं मान हलवली. एक गिऱ्हाईक आलं, मेंढराचं तोंड उघडून दात पाहू लागलं, तशी ती त्याच्याकडे वळली. मी घरी आले. त्या बाजारातून मी रिकाम्या हातानं परतले असते तरी चाललं असतं.

दुसरं वर्ष संपलं. अभ्यास फार यशस्वी झाला. शेडा असा आला की भागवत सर पासष्टाव्या वर्षी माळावर आडवे झाले आणि मला म्हणाले, फोटो काढा. साहेबांनी चर रद्द केले, झाडं रद्द केली. खोकडीची बिळं वाढली. आमच्या अहवालाचं एका परिषदेत कौतुक झालं आणि त्यात एक वाक्य होतं, 'स्थानिकांच्या सहकार्यामुळे चराईचा दाब शून्यावर आला.' ते वाक्य सरांना इतकं आवडलं होतं की मला ते खोडता आलं नाही. खरं होतं तेही.

पाळीपाळीच्या चराईचं परवानगीपत्र त्यानंतर पाच महिन्यांनी निघालं. त्यासाठी मी किती फोन केले, किती वेळा 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' ऐकलं, ते सांगत बसत नाही. एकदा तर पत्र सहीसाठी गेलं ते नकाशा जोडला नाही म्हणून परत आलं, आणि नकाशा जोडून गेलं ते पत्र जोडलं नाही म्हणून परत आलं. शेवटी गोल शिक्क्याचं पत्र हातात पडलं तेव्हा मी ते स्कूटीच्या डिकीत न ठेवता पर्समध्ये ठेवलं आणि सरूबाईकडे गेले.

"वाचा," ती म्हणाली.

मी वाचून दाखवलं. तिच्या नावानं चाळीस मेंढ्यांपर्यंत परवानगी होती.

"चाळीस," ती म्हणाली. दारात पाच शेळ्या बांधलेल्या होत्या. मेंढरू एकही नव्हतं. "शेरडं चालत्यात का त्यात?"

मी पत्र पुन्हा पाहिलं. खाली बारीक अक्षरात चौथी अट होती. शेळ्यांस सक्त मनाई.

तिच्या समोरच मी म्हस्क्यांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, शेळ्यांना जमणार नाही. त्या झुडपं खातात. वेगळा प्रस्ताव द्या." मग सरांना लावला. सर मनापासून म्हणाले, "शेळ्यांचा परिणाम वेगळा असतो हो. त्यावर स्वतंत्र अभ्यास करावा लागेल." मी विचारलं, किती दिवसांचा? "दिवस कसले," सर म्हणाले, "तीन वर्षं तरी हवीत."

सरूबाईला फोनवरचं ऐकू येत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं असावं. तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं, चार घड्या घातल्या आणि देवळीत ठेवलं. "ऱ्हाऊ द्या ताई," म्हणाली. "च्या घेता का?"

दुसऱ्या दिवशी माझी आठवड्याची फेरी होती. सकाळी माळाच्या कडेला सरूबाई पाचही शेळ्या घेऊन उभी. पुढं गुडघाभर शेडा, मागं तिचं घर. दोरी तिनं सोडलेली नव्हती. पाच वर्षांची सवय, मर्यादेच्या दगडापलीकडे पाऊल पडत नव्हतं. मला पाहिल्यावर तिनं नुसतं विचारलं, "जाऊ का?"

"जा," मी म्हटलं.

शेळ्या माळात शिरल्या. मी दगडावर बसून त्यांना बराच वेळ चरताना पाहिलं. मग वही काढली. वणवा, निरंक. वृक्षतोड, निरंक. शिकार, निरंक. अतिक्रमण, निरंक. त्या गाढवालासुद्धा मी कधी लपवलं नव्हतं. चराईच्या रकान्याशी आले, समोर पाच शेळ्या मोजल्या, आणि निरंक लिहिलं. निवृत्त होईपर्यंत दर आठवड्याला तेच लिहीत राहिले.